रुमालाखालचा भाव

१४ जून २०२४, शुक्रवार
लिंबाची पाटी

बाबू, जय भीम.

मला बाजार कमिटीची नोटीस आली आहे. आपल्या पाटीवरच्या शेळीबाजारात गेल्या रविवारी रुमालाखाली सौदा केला म्हणून पाचशे रुपये दंड, आणि पुन्हा केला तर बाजारात पाय ठेवायचा नाही. कारवाईचा आधार म्हणून नोटिशीत लिहिलंय : 'संघप्रिया बनसोडे, निवृत्त प्राध्यापिका, यांचा सन २०१८ चा अर्ज.' म्हणजे माझाच. ही गोष्ट तुला हुमनाबादच्या बाजारात कुणीतरी टाळ्या देत सांगणारच. त्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून सहा वर्षांनी लिहिते आहे. तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र चैतालीकडे देते. पोटच्या पोरीच्या हातचं तरी घेशील.

काय झालं ते क्रमानं सांगते.

शेजारच्या धुरपदाबाईला ईदच्या आधी दोन बोकड विकायचे होते. मी तिच्या सोबतीला गेले, बाकी काही नाही. सकाळी नऊला लिलाव सुरू झाला. माझ्या अर्जानंतर जसा ठरला तसाच : उघडा, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर. चार व्यापारी उभे होते. पहिला म्हणाला दहा हजार, दुसरा साडेदहा, तिसरा अकरा. चौथ्यानं आभाळाकडं बघितलं. संपलं. जळकोटचा खाटीक मागच्या आठवड्यात तसल्याच बोकडाला तेरा देऊन गेला होता, हे धुरपदाबाईला ठाऊक होतं. ती म्हणाली, "अकराला न्हाय द्यायची." चौघं पुढच्या दाव्याला बांधलेल्या बोकडाकडं गेले. तिथंही अकरा. त्याच्या पुढंही अकरा. जनावर लहान असो, मोठं असो, दात किती का असेनात.

आम्ही चहाच्या गाड्यामागं सावलीला बसलो. तेवढ्यात त्या चौघांतलाच एक आला, नळदुर्गचा मैनोद्दीन. आजूबाजूला बघून खांद्यावरचा रुमाल काढला आणि माझ्यापुढं धरला.

"बाई, हात घाला."

"अहो, याला बंदी आहे."

"मालूम हाय. तुमीच आणलीय." हसला. "वर बोललो तर ही तिघं उद्यापासनं मला खरेदीत उभं करणार न्हाईत. रुमालाखाली कोण बघतंय?"

मी धुरपदाबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमीच घाला."

मी घातला. तुला हे काय सांगायचं, तुझं दलालाचं आयुष्य रुमालाखाली गेलंय. पण मी पहिल्यांदाच आत होते. त्यानं माझी बोटं धरली, सोडली, एका पेराला दाबलं. मला काहीसुद्धा कळलं नाही. चौसष्ट वर्षांची बाई, अर्थशास्त्रात एम.ए., आणि हातात हात घेऊन एक माणूस मला आकडा सांगतोय तो मला वाचता येत नाही! घाबरून मी त्याचा हात घट्ट धरला. कॉलेजात प्रमुख पाहुण्यांचा धरत असे, तसा.

मैनोद्दीन म्हणाला, "पटलं. बास."

धुरपदाबाईनं विचारलं, "कितीला दिली बाई?"

"मला माहीत नाही."

"आँ?"

घट्ट दाबला म्हणजे सौदा पक्का, हे मला तेव्हा समजलं. आकडा साडेतेरा हजार होता. एकेकाला. देव मानत नाही मी, नाहीतर त्या वेळी मानला असता.

एवढ्यात शिट्टी वाजली. कमिटीचा बिरू. तिसेक वर्षांपूर्वी माझ्याकडं दोनदा नापास झालेला. त्याच्या तोंडावर इतका आनंद मी निकालाच्या दिवशी कधी पाहिला नव्हता.

आता हस.

तुझी अक्का


२४ जून २०२४, सोमवार

बाबू,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन बोकडांवर. "साडेतेरा म्हंजी बरे गेले. अक्का, दंड भर न् गप बस. तुज्या वयाला बाजार सोसत न्हाय." माझ्या वयाचं मी बघून घेईन. तू गुडघ्याला काही लावतोस की नाही? चैताली म्हणते तू उठताना भिंत धरतोस. भिंत औषध नाही. डॉक्टरकडं जा.

दंड भरला. नियम मी मागितला होता, तर दंड मीच भरायचा. पावती जपून ठेवली आहे. पण गप बसणार नाही.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट नीट लिहिली नाही. धुरपदाबाईच्या सोबतीला गेले हे खरं, पण तिला सोबत लागत नाही. तिला सत्तर वर्षांत कधी लागली नाही. ईदच्या आधीच्या बाजाराला तू इकडं येतोस असं कुणीतरी म्हणालं होतं. मी नऊ वाजल्यापासून दोन तास टोप्या आणि पटके बघत होते. तू आला नव्हतास. एवढंच.

आता मुद्द्यावर येते.

तीस वर्षं मी वर्गात शिकवलं की भाव म्हणजे बातमी. कुठं काय कमी पडलंय आणि कुणाला काय हवंय हे कुणी न सांगता भाव सांगतो, म्हणून तो मोकळा सोडावा. हेही शिकवलं की दोघं राजी असतील तर तिसऱ्यानं मध्ये पडू नये, आणि तो तिसरा सरकार असेल तर मुळीच पडू नये. पोरांनी हे वहीत उतरवून घेतलं, पेपरात लिहिलं आणि मी त्याला गुण दिले. मग निवृत्त झाले, तुझ्या बाजारात आले आणि रुमाल बघितला. मनात म्हटलं, ही कसली बातमी, जी तोंड झाकून दिली जाते? भाव उघडा झाला पाहिजे. आणि एकशे बारा सह्या घेऊन कमिटीकडं गेले. बंदी मागितली. दोघं राजी होते. मध्ये पडणारी तिसरी मीच.

त्या रविवारी मला दुसरी गोष्ट दिसली. चौघांनी आपसांत ठरवलं की अकराच्या वर जायचं नाही, तर ते टिकतं केव्हा? एखादा वर गेलेला बाकीच्या तिघांना दिसला तर. उघड्या बोलीत तो दिसतो. रुमालाखाली दिसत नाही. तिथं मैनोद्दीन आपल्याच टोळीचा शब्द मोडू शकतो, आणि त्याचा फायदा धुरपदाबाईला होतो. मी निघाले होते व्यापाऱ्यांवर उजेड पाडायला. तो उजेड पडला खरा, पण त्यात व्यापारीच एकमेकांवर पहारा करू लागले. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, बाबू. परीक्षेत विचारलंसुद्धा होतं. स्वतःच्या गावातल्या प्रश्नाला मात्र मी चुकीचं उत्तर लिहिलं.

सहा वर्षांपूर्वी बंदी आली त्या दिवशी तू दारात उभं राहून बोललास ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अक्का, सरकारी पगारावर मोकळ्या बाजाराचं भाषण केलंस, आमी ऐकलं. आता माज्या रुमालावर सरकार आणलंस व्हय?" पहिला भाग खरा आहे. शिष्यवृत्तीवर शिकले, अनुदानित कॉलेजात नोकरी केली, आता पेन्शन घेते. मी एवढंच म्हणू शकते की बंद दार तोडायला सरकार लागलं, आणि ते लागलं हे मी नाकारणार नाही. दार उघडल्यावर आत कुणी कुणाशी कसा व्यवहार करायचा हे त्यानं सांगू नये. हे तुला पटणार नाही. मलाही कधीकधी अर्धंच पटतं. दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे. व्हय, आणलं.

आणि मग तू आज्याचं काढलंस. तू म्हणालास, आज्याला गावात मालक पाणी वरून वाढायचा, पण बाजारात त्याच मालकाला रुमालाखाली आज्याच्या हातात हात घालावा लागायचा, कारण चांगली जनावरं ओळखणारा दुसरा कुणी नव्हता. मी म्हटलं, "आणि बाहेर आल्यावर तो हात धूत असेल." तू म्हणालास, "धुवू दे की. सौदा तर मोडत नव्हता."



तुझी अक्का


३ जुलै २०२४, बुधवार

बाबू,

काल महालिंगप्पा घरी आला होता. कमिटीचा अध्यक्ष झालाय आता, शहाण्णव सालच्या बॅचचा. बसताना अजून माझी परवानगी घेतो.

"बाई, दंड कशाला भरलाव? गैरसमज झाला म्हणून एक ओळ लिवून द्या, म्या नोटीस फाडतो. पैसं परत."

"गैरसमज झालेला नाही. मी हात घातला होता."

"आवो, पण तुमी बाई..."

"बाई असले म्हणून माझा हात हात नव्हता का?"

त्यानं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "तुमचाच अर्ज हाय, तुमचंच नाव पयलं हाय. म्या काय करू ते तरी सांगा."

मी सांगितलं. अर्ज मागं घ्यायचा आहे, सुनावणी लाव. पुढच्या बुधवारी लावली आहे.

तुला आणखी एक सांगायचं आहे. हे मी कुणालाच पुरतं सांगितलेलं नाही. कमिटीपुढं सांगणार नाही, तुलाच सांगते.

तो अर्ज मी व्यापाऱ्यांमुळं केला नव्हता. तुझ्याविरुद्ध तर नव्हताच, जरी तुझा धंदा त्यातच गेला. तो आईसाठी केला होता. माझ्या हॉस्टेलच्या मेसचे पैसे आईच्या शेळ्यांतून यायचे, हे तुला ठाऊक आहे. तू तेव्हा लहान होतास, तिच्याबरोबर मी बाजारात जायचे. शेळी तिची, वाढवलेली तिनं, चारा तिनं आणलेला. आणि भाव होताना ती चार हात लांब जमिनीवर बसलेली असायची. दोन पुरुष रुमालात हात घालून उभे. एक मान हलवायचा, दुसरा हसायचा. आपल्या आईला, केशरबाईला, आकडा शेवटी कळायचा, तोही दलाल सांगेल तेवढा. परक्या पुरुषाच्या हातात हात कसा घालणार? ती मला विचारायची, "कितीला गेली ग?" जसं काही माझी शेळी होती.

तू दलाल झालास तेव्हा तू कधी खोटा आकडा सांगितला नाहीस. बाजारातली एक बाई तुझ्याविरुद्ध बोलणार नाही. पण बाबू, तू चांगला निघालास हे त्यांचं नशीब. हक्क नव्हे. मला त्यांना हक्क द्यायचा होता. आईला भाव ऐकू यायला हवा होता.

म्हणून भाव मोठ्यानं बोलायला लावला. आणि त्याच भावानं धुरपदाबाईला अकरावर अडवलं.

काल हे अर्धंमुर्धं मी धुरपदाबाईला बोलले. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "हात घालायला आमाला काय झालतं? कुणी कदी म्हणलंच न्हाय, घाल म्हणून."

तीस वर्षं शिकवलं मी, आणि हे मला सुचलं नाही.

अक्का


११ जुलै २०२४, गुरुवार

बाबू,

काल सुनावणी झाली. कमिटीच्या पत्र्याच्या खोलीत पाच सदस्य, एक पंखा, बाहेर अर्धा बाजार. बिरू दारात शिट्टी गळ्यात घालून उभा होता, वाजवायची संधी मिळेल या आशेनं.

मी उभं राहून म्हटलं, २०१८ चा माझा अर्ज मी मागं घेते. उघडी बोली चालू ठेवा, रुमालावरची बंदी उठवा. जनावर ज्याचं, त्यानं सांगावं त्याला काय हवं. आणि जनावर बाईचं असेल तर रुमालात हात तिचा जाईल, तिला नको असेल तर ती नेमेल त्याचा.

हणमंतप्पा म्हणून एक सदस्य आहेत, अडतीचं दुकान आहे त्यांचं. ते म्हणाले, "मग फसवणूक झाली तर हो बाई? रुमालात कोण काय बोललं ह्याला पुरावा काय?"

"फसवलं तर पकडा. हात धरला म्हणून पकडू नका."

"दोन्ही एकच की."

"दोन्ही एक नाहीत, हणमंतप्पा. तुम्ही दुकानात गिऱ्हाइकाला कोपऱ्यात नेऊन भाव सांगता. मी कधी शिट्टी वाजवली का?"

बाहेर हशा झाला. महालिंगप्पानं टेबलावर हात आपटला, पण हसू त्यालाही आवरत नव्हतं.

मग एकानं नेमकं विचारलं, आणि त्याचं उत्तर देताना मला त्रास झाला. "बाई, मग सहा वर्सामागं तुमी चुकलाव असं लिवून घेऊ का?" मी म्हटलं, घ्या. दोन ठिकाणी. एक, जे मला आवडत नव्हतं ते मी दुसऱ्यांना बंद केलं. दोन, ज्यांचा धंदा त्यात जाणार होता त्यांना आधी विचारलं नाही. त्यातला एक माझा भाऊ होता. इतिवृत्तात आलं आहे. प्रत सोबत पाठवते. माझी चूक कुणी लेखी मागितली असेल तर तूच मागितली असणार, म्हणून.

ठराव असा झाला : तीन महिने दोन्ही रीती चालतील. रुमालाच्या सौद्यासाठी ज्याच्यावर बाजाराचा विश्वास आहे असा दलाल हजर हवा, म्हणजे तंटा झालाच तर तो निवाडा करील. महालिंगप्पानं विचारलं, "असा कोण हाय?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं. मग मागून धुरपदाबाई ओरडली, "ठावं हाय सगळ्यास्नी. नाव घ्यायला काय झालंय?"

नाव लिहिलं आहे. तुझी संमती बाकी आहे. मी दिलेली नाही. तुझ्या वतीनं मी एकदा बोलून बसले आहे, परत बोलणार नाही.

एकवीस तारखेच्या रविवारी पहिला बाजार आहे. सहा वर्षांत सगळे भ्यालेत. पहिला हात कुणीतरी घालायला हवा. ज्यानं बंदी आणली त्यानंच तो घालावा हे बरोबर, म्हणून मी शेळी घेऊन उभी राहणार आहे. धुरपदाबाईच्या कळपातली एक मी गेल्या आठवड्यात विकत घेतली. ती मला शिंगं लावते, मी तिला रागावते. आमचं बरं चाललंय.

घेणारा तू असलास तर बरं. नसलास तरी मी उभी राहीन, मैनोद्दीन येईल, किंवा कुणीच येणार नाही. तू यावंस म्हणून मी हे सगळं केलं असं समजू नकोस. जे बरोबर होतं ते केलं. तू यावंस असं मला वाटतं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती मी इथं वेगळी लिहिते आहे, म्हणजे तू दोन्ही एकात घालणार नाहीस.

बोटांचा हिशोब मी शिकले. पेर म्हणजे शंभर. चैतालीनं शिकवलं. तू तिला लहानपणीच शिकवलं होतंस हे मला आता कळलं. पोरीला शिकवलंस आणि बहिणीला नाही.

गुडघ्याचं काय?

अक्का


२१ जुलै २०२४, रविवार

बाबू, तू म्हणतोस रुमालातल्या सौद्याला कागद नसतो. मला कागदाशिवाय चालत नाही. म्हणून ही नोंद. एक प्रत तुझी, एक माझी.

जागा : लिंबाची पाटी, शेळीबाजार, लिंबाखाली.

देणारी : संघप्रिया बनसोडे.

घेणारा : बाबू बनसोडे, दलाल, मु. हुमनाबाद. आजपासून दर रविवारी मु. लिंबाची पाटी. (हे त्यानं स्वतः सांगितलं. मी विचारलं नव्हतं.)

साक्षीदार : धुरपदाबाई. काय दिसलं असं बिरूनं विचारल्यावर "रुमाल" म्हणाली.

दिलं : एक काळी शेळी, दुसऱ्या वेताची, तीन महिन्यांची गाभण, उजवा कान चिरलेला. गळ्यातलं दावं. सुबाभळीचा पाला अर्धं पोतं, कारण नव्या जागी ती दोन दिवस दुसरं काही खाणार नाही. गुडघ्याच्या तेलाची एक बाटली, सौद्यात न धरलेली.

भाव : दोघांना ठाऊक. तिसऱ्याला सांगायचा नाही, ही घेणाऱ्याची अट. देणारीला मान्य.

वेळ : पावणेदहाला हात रुमालाखाली गेले. भाव पहिल्याच पकडीला पटला. हात दहा वाजता बाहेर आले.